आत्याची कंबर आणि माझा पाय

खांडवाडी, ता. कर्जत
२ सप्टेंबर १९९६

यशूला चांगुणाआत्याचा जय भीम आनि डोक्यावर हात.

माजं पत्र बघून तुला नवल वाटंल. साक्षरतेच्या वर्गात शिकले तवापासून पोष्टात टाकलेलं हे पयलंच पत्र. चुका काढत बसू नगं. हे मी पालथी पडून लिवतीय, म्हनून अक्षर उताराला लागलंय.

मागल्या मंगळवारी कडब्याची पेंढी उचलाया वाकले आनि कमरंत अशी कळ आली की तितंच बसले. उसन भरली. महेंद्रनं टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. डाक्टरनं फोटू काढला, उजेडाला धरला आनि म्हनला, मनक्यात गॅप पडलाय. दोन महिने फळीवर पडून ऱ्हावा, वाकू नका, परवास करू नका, न्हाईतर पाय लुळं पडतील. तवापासून मी फळीवर हाय. सून सायली ताट तोंडापाशी आनून देती. शेजारची कडूबाई राखनीला असती, तपकीर ओढत माज्याकडं बघत बसती. मी कूस बदलली तरी वरडती.

पडून ऱ्हायला माजी ना न्हाई गं. पर दसऱ्याला मला नागपूरला जायचंय. यंदा चाळीस वर्सं झाली. छपन सालाला आबांनी मला नेलं तवा मी नऊ वर्साची. दीक्षाभूमीवर एवढी मानसं, की मला नुसत्या पाठीच दिसत हुत्या. मग आबांनी खांद्यावर घेतलं. मी म्हनले, आबा तुमची कंबर दुखंल. आबा म्हनले, आज न्हाई दुखायची. त्या दिसापासून म्हनतीय, एकदा आपल्या पायानं जाऊन उभी ऱ्हानार. संसारात ऱ्हाऊन गेलं. यंदा भिमाजीनं गावची यस्टी ठरवलीय, दुसरंच नाव माजं हाय. आनि महेंद्र म्हनतो, नाव खोडतो.

तवा तू ये. तू पायाळू हायेस. कमरंला तीनदा पाय लाव आनि मला उठव. बावीस प्रतिज्ञा मला पाठ हायेत, त्यात उसनीचं काय न्हाई, म्हनून तिकडून मला शिकवू नगं.

चार वर्सं झाली तू आली न्हाईस. का ते मला ठाऊक हाय. तरी ये.

तुजी आत्या


नागापूर, अहमदनगर
६ सप्टेंबर १९९६

आत्या, तुला साष्टांग जय भीम, कारण तूही सध्या साष्टांगच आहेस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आईबाबांनाही वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, माझ्या बहिणीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते खरंच आहे.

आता भांडायला बसते. मी पाय लावणार नाही.

जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आले, एवढंच माझं कर्तृत्व. त्यापायी दहा वर्षांची होईपर्यंत मी अख्ख्या गावाच्या पाठींवर पाय दिले. मुलं सूरपारंब्या खेळायची आणि मला हाक यायची, यशे, ये गं, उसण भरलीय. लाथेला एक गुळाचा खडा. त्यात पायाळूवर वीज पडते म्हणून कानात तांब्याची बाळी, आणि आभाळ नुसतं गुरगुरलं की मी घरात कोंडलेली. आत्या, चोवीस वर्षांची झाले, वीज कशी पडते ते पुस्तकात शिकले, तरी पाऊस आला की माझे पाय आपोआप घराकडे वळतात. बाबांना इथल्या कारखान्यात नोकरी लागून आम्ही नागापूरला आलो तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला होता.

चार वर्षांपूर्वी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मोठ्या ऐटीत गावात आले, म्हटलं लोकांना पाठीचे व्यायाम दाखवू. समाजमंदिरासमोर चौदा जण पालथे पडले होते. कुणी माझं एक अक्षर ऐकलं नाही. चौदा पाठींना पाय लावले आणि कर्जतपासून नगरपर्यंत एस.टी.त रडले.

आता माझी स्वतःची खोली आहे, बाहेर पाटी आहे, पण त्या पायरीवर लोक सगळ्यात शेवटी येतात. परवा राधाकृष्ण म्हणून एक लेथवर काम करणारा आला. कंबर धरून सात महिने झालेले. आधी दोन डॉक्टर, मग पट्टा, मग हाडवैद्य, मग शिंगणापूरला तेल वाहून आला, आणि कुठंच काही होईना तेव्हा कुणीतरी म्हणालं, ती एमआयडीसीतली मुलगी बघ. पहिल्या आठवड्यात आला असता तर तीन आठवड्यांत कामावर गेला असता. आधी माझ्याकडे या, एवढंच माझं म्हणणं आहे. मला काही वावगं दिसलं तर डॉक्टरकडे मीच पाठवीन.

म्हणून तुलाही आधी विचारते. खरं लिही, लाजू नकोस. कळ पायात उतरते का? पायाला मुंग्या किंवा बधिरपणा? बसायच्या जागी बधिर वाटतं? लघवी अडते किंवा नकळत होते? ताप येतो, वजन उतरलंय, कुठे पडली होतीस? यातल्या एकालाही 'हो' असेल तर पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी महेंद्रदादाला घेऊन नगरच्या मोठ्या दवाखान्यात ये. मी दारात उभी राहीन.

सगळ्याला 'नाही' असेल तर फळीवरून ऊठ. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताच्या जोरानं बस. घरातल्या घरात चाल, रोज चार पावलं जास्त. दुखेल, पण ते दुखणं मोडण्याचं नाही, आखडल्याचं आहे. फोटोतला गॅप पन्नाशीच्या बऱ्याच माणसांच्या फोटोत निघतो, कंबर कधी दुखली नाही त्यांच्याही. तो केसांसारखा आहे, पिकणारच. पडून राहिलीस तर मात्र कंबर खरंच आखडून बसेल.

तुझी यशू


खांडवाडी
१७ सप्टेंबर १९९६

यशूस,

तुजं पत्र वाचाया दोन दिस लागले. लघवीचं वाचून पत्र घडी घालून चोळीत ठेवलं. कडूबाईला वाचता येत न्हाई ते बरं झालं.

समद्याला न्हाई. मुंग्या न्हाईत, ताप न्हाई, पडले बी न्हाई. वजन उतरत न्हाई, उलटं फळीवर बसून वाढलं असंल. लघवीचं बी न्हाई, आनि हे मी तुला येकदाच लिवतीय.

तू लिवलं तसं केलं. घरची समदी रानात गेली आनि कडूबाईचा डोळा लागला की मी उठायची आनि गोठ्यामागं चालायची. पयल्या दिशी गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आनि घाम फुटला. चौथ्या दिशी उकिरड्यापर्यंत. कळ निम्मी झाली बघ. सातव्या दिशी खुशीत गुनगुनले आनि तितंच चुकले. कडूबाई जागी झाली. तिनं अशी बोंब ठोकली की लोकांना वाटलं म्हातारी गेली. मला चौघांनी उचलून फळीवर आनली. उचलताना दुखलं तेवढं चालताना न्हाई दुखलं.

मग मी तुजं पत्र महेंद्रला दिलं. लघवीचं बोटानं झाकून. तो म्हनला, यशू शिकलीय खरी, पर ती डाक्टर न्हाई. तवर कडूबाई म्हनली, यशीचा पाय लागला असता तर गोष्ट येगळी हुती, माजी उसन तिनंच घालवली. सायली बी व्हय म्हनली. आनि महेंद्रनं मान डोलावली.

आता तूच बघ. तुज्या शिक्षनावर मला कोन उठवत न्हाई, तुज्या पायावर समदी उठवत्यात. मला कळ न्हाई घालवायची, ती तुज्या चालन्यानं चाललीय. मला फळीवरनं सुटायचंय. भिमाजी यादी पक्की करायला बसलाय. ये की गं.

आत्या


खांडवाडी
१८ सप्टेंबर १९९६

चि. यशूस महेंद्रदादाचा जय भीम.

आई चोरून चालते आणि तुझ्या पत्रावरून चालते हे कळलं. तुझं शिक्षण मोठं आहे, मालिशीचं असलं तरी मी त्याला नावं ठेवत नाही. पण डॉक्टर माझ्या तोंडावर बोलले की पाय लुळे पडतील. तुझ्या पत्रावर आईला उठवली आणि काही झालं तर मी कुणाकडे बघू? वडील गेल्यापासून घरात तिच्याच जोरावर सगळं चाललंय. मला भीती वाटते, यशू. दुसरं काही नाही.

भिमाजीकाकांना नाव खोडायला सांगितलं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

सायली म्हणते, पाय लावून बघायला हरकत नाही, त्यात धोका काही नाही. बघ, जमलं तर ये.

महेंद्र


नागापूर
२२ सप्टेंबर १९९६

आत्या,

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तुला नीट तपासणार, सगळ्यांसमोर चालवणार आणि दादाला बाजूला घेऊन समजावणार. त्याच्या पत्राचा राग आला होता, पण दोनदा वाचल्यावर गेला. तो घाबरलाय, आणि त्याला धीर द्यायचं कामही माझंच आहे.

पाय लावणार नाही. चपलासुद्धा काढणार नाही म्हणत होते, पण आई म्हणाली घरात जाताना काढाव्या लागतील.

यशू


खांडवाडी
३ ऑक्टोबर १९९६

यशूस,

हे पोष्टकार्ड हाय, म्हनून थोडंच. तू गेलीस त्याच सांजंला महेंद्रनं फळी उचलून गोठ्यात टाकली. रोज दोनदा वेशीपर्यंत जाऊन येती. कालच्याला हिरीपर्यंत गेले. भिमाजीनं नाव परत लिवलंय, पर आता शेवटचा नंबर, चाकावरची शीट.

जाताना तू माज्याशी बोलली न्हाईस. यस्टीच्या खिडकीतनं बघितलं सुदिक न्हाईस. ते मनाला लागलंय.

आत्या


नागापूर
९ ऑक्टोबर १९९६

आत्या,

बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते. आता लिहिते.

त्या दिवशी मी तुला तासभर तपासलं. पाय एकेक करून उचलले, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाच्या अंगठ्याचा जोर बघितला, टाचणीने कुठे लागतं कुठे नाही ते बघितलं. तुला वाकवलं. तू अंगणात दहा फेऱ्या मारल्यास आणि शेवटी आपणहून वाकून माझी पिशवी उचललीस. महेंद्रदादा सगळं बघत होता. मी म्हटलं, दादा, बघ, हिच्या मणक्याला काही झालेलं नाही. ही नागपूरला जाऊ शकते, फक्त दर दोन तासांनी गाडी थांबवून हिला चालवा. तो हो म्हणेल असं मला खरंच वाटलं होतं. तो म्हणाला, बरं, आता पाय लाव.

अंगणात तीसेक माणसं होती. कडूबाईने तर वाकळ अंथरून ठेवली होती. मी तुझ्याकडे बघितलं. तू जाऊन वाकळेवर पालथी पडलीस. पोलक्याबाहेरच्या तुझ्या पाठीवर फळीच्या फटींचे वळ उठले होते, आणि मला आबाआजोबांच्या खांद्यावरची नऊ वर्षांची मुलगी आठवली. मग मी पाय लावला. तीनदा. फुलासारखा, जोर न देता. लोक म्हणाले, गेली उसण. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी शिक्षणाची साडेचार वर्षं वाकळेखाली गेली.

तुझा राग नाही, माझाच आहे. मला तुझं नाव यादीत हवं होतं आणि माझा शब्दही खरा ठरायला हवा होता. दोन्हीतलं एक मिळालं.

आणि आता ऐक पुढची गंमत. गेल्या आठवड्यात माझ्या दारात अकरा माणसं आली. कर्जतची, मिरजगावची, एक तर थेट जामखेडहून. कंबर धरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डॉक्टर नाही, हाडवैद्य नाही, शिंगणापूर नाही, सगळ्यात आधी माझ्याकडे. कॉलेजात मी हेच स्वप्न बघायचे. आणि आल्या आल्या ती सगळी जमिनीवर पालथी पडतात आणि म्हणतात, बाई, लावा.

मी नाही लावत. खाटेवर घेते, तपासते, व्यायाम शिकवते. एकीचा पाय बधिर होता, तिला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाकीचे जाताना एकमेकांत कुजबुजतात, आज हिचा पाय लावायचा वार नसंल.

आई हसून बेजार आहे. मला अजून हसू येत नाही.

नागपूरला नीट जा. गाडीत ताठ बसू नकोस, पाठीमागे चादरीची घडी ठेव. जमिनीवर झोपलीस तर कुशीवरून ऊठ. आबांना माझा जय भीम सांग.

यशू


खांडवाडी
२६ ऑक्टोबर १९९६

माज्या यशूला, लई लई जय भीम.

जाऊन आले. आपल्या पायानं गेले, आपल्या पायानं उभी ऱ्हायले. मानसं चाळीस वर्सामागं हुती त्याच्या कितीतरी पट. पांढरी साडी नेसले हुते. पयल्यासारख्याच समोर नुसत्या पाठी दिसत हुत्या, पर या वक्ताला मला खांदा नगं हुता. टाचा उंच केल्या आनि दिसलं. आबांना तुजा जय भीम सांगितला. मग रडले. दोन राती शाळेच्या फरशीवर झोपले, कुशीवरनं उठले. दर दोन तासांनी भिमाजी गाडी थांबवायचा आनि अख्खी यस्टी माज्यासंगं रस्त्यावर फेऱ्या मारायची.

आता काम ऐक, आनि बसून वाच.

येताना गाडीत समदी म्हनाया लागली, चांगुणाबाई, यशीच्या पायाचा गुन बघा. मी आयकत हुते. तुजं पत्र पिशवीत हुतं, साडेचार वर्सं वाकळंखाली गेली असं लिवलेलं. मग मी शिटावर उभी ऱ्हायले, चालत्या गाडीत, दांडीला धरून, आनि बोलले, आयका, यशी पायाळू न्हाई.

व्हय गं. तू पायाळू न्हाईस. तू समद्यांसारखी डोक्याकडनं आलीस. तुजं बाळंतपन मी केलंय, माज्या हातात तुजं डोकं आधी आलं.

तू तिसरी पोरगी. माजी आई, म्हंजी तुजी आजी, दाराबाहेर बसली हुती. मी आतून वरडले, पोरगी हाय. तर ती उठून गेली. न्हानाचं पानी तापत हुतं, त्या चुलीतली लाकडं तिनं वढून घेतली. तुजी आई भिंतीकडं तोंड करून पडली. माज्या वटीत तू, डोळं उघडून माज्याकडं बघत. तवा माज्या तोंडातनं निघालं, आगं आई, पोरगी पायाळू हाय. आजी माघारी आली. चूल परत पेटली. दुसऱ्या दिशी पाठ धरलेली चार मानसं गूळ घिऊन दारात हुती. त्या घरात तुला मग कोनी वंगाळ बोललं न्हाई. तुज्या आईला आनि मला दोघींनाच ठाऊक. ती हसून बेजार का, ते आता तिलाच इचार.

खोटं बोलले. त्याच खोट्यावर, मला फळीवरनं सुटता यावं म्हनून तुला बोलवलं, ते त्याहून वाईट केलं. फळीवर मला एवढंच कळत हुतं की महेंद्र दुसऱ्या कशाला भिनार न्हाई. तू पाय लावलास आनि तुजं तोंड बघितलं तवा कळलं मी काय केलं ते. माफ कर.

गाडीत समदी माज्याकडं वळून बघाया लागली. मग कडूबाई म्हनली, आगं मग माजी उसन कशी गेली? मी म्हनलं, बाई, ती जानारच हुती, तू चालत-फिरत ऱ्हायलीस म्हनून गेली. ती म्हनली, मग तुजी? म्हनलं, यशीनं पत्रात लिवलं तसं केलं म्हनून. महेंद्रनं माज्याकडनं तुजं पयलं पत्र मागून घेतलं. समदं वाचलं, या वक्ताला मी बोट ठेवलं न्हाई. वाचून झाल्यावर म्हनला, आई, ही समदं पयल्याच दिशी सांगत हुती. मग खिडकीकडं तोंड करून बसला. तो तुला लिवनार हाय, त्याला मालिश हा शब्द मागं घ्यायचाय.

आता तुज्या दारात गर्दी कमी व्हईल, ते मला कळतंय. पर मंगळवारच्या गाडीनं कडूबाई येतीय. शेंगा उपटताना तिची कंबर धरलीय, कालच. मी म्हनलं तालुक्याला जा. ती म्हनली, न्हाई, आधी यशीकडं. म्हनलं, ती पाय लावनार न्हाई. तर म्हनती, पाय कोनाला पायजे, तिला ते हातोडीचं येतं न्हवं. तिला लघवीचं इचारशील तवा हळू इचार, ती लाजती.

आनि आनखी येक. दहा वर्सं तुला पावसात जाऊ दिलं न्हाई, तुजी भावंडं भिजायची आनि तू खिडकीत बसायचीस. ते माज्यामुळं. आज हितं आभाळ आलंय, तिकडं बी येईल. आलं की दार उघड आनि जा अंगनात. वीज तुला समद्यांएवढीच वळखती.

तुजी आत्या